राजाच्या मांडीवरचं तळं

राजे दुर्जयरावांनी नकाशावर आपल्या हातानं तळं काढलं आणि चिंचमाळ गावावर कुऱ्हाड कोसळली!

झालं असं, की मोरवंडी शहराच्या विहिरी चैत्रातच तळ गाठायच्या. यंदा शहरासाठी मोठं तळं खणायचं ठरलं. दिवाण गुंडोपंतांनी मेणकापडावर काढलेला राज्याचा भलाथोरला नकाशा महाराजांपुढे पसरला. महाराजांनी तो उलटासुलटा न्याहाळला, एक मोकळी जागा शोधली आणि कुंचल्यानं तिथं कोयरीच्या आकाराचं झकास तळं काढलं. जागा मोकळी का होती? तिथं चिंचमाळ होतं! पण गाव एवढंसं, चिताऱ्याला ते काढायचा कंटाळा आला होता.

"वा महाराज! काय डौल आहे तळ्याला!" गुंडोपंत म्हणाले. दुसरं काय म्हणणार बिचारे?

"उद्या सकाळी गाव उठवा आणि खोदायला लागा!" महाराजांनी फर्मावलं.

दरबाराच्या कोपऱ्यात पिंजाऱ्याची लेक जैतून बसली होती. महाराज दिवसभर रेलून रेलून लोडांची पार पोळी करून टाकत, म्हणून नवा कापूस भरायला तिला बोलावलं होतं. ती चिंचमाळचीच. आपलं घर उद्या खणून निघणार, म्हाताऱ्या आईबापांना घेऊन कुठं जायचं? तिचं तोंड काही गप्प बसेना.

"सरकार, चिंचमाळ उंचावर आहे! तिथं पाणी टिकायचं नाही, उतारानं पळून जाईल. आमचं गावही जाईल आणि तळंही व्हायचं नाही!"

"उतार?" महाराजांनी नकाशावरून हात फिरवला. "कुठाय उतार? मला तर सगळं सपाट लागतंय!"

"नकाशा सपाट आहे सरकार, राज्य नाही. एकदा येऊन तर बघा."

"या उन्हात? मी? अगं, मी जेवायलासुद्धा या गादीवरून उठत नाही!" महाराज इरेला पेटले. "माझं तळं चुकलं म्हणतेस? मग दाखव! मला इथून उठवायचं नाही, बाहेर न्यायचं नाही, आणि माझ्या राज्यात पाणी कसं पळतं ते इथंच दाखवायचं. दिवेलागणीच्या आत! नाहीतर उद्या चिंचमाळ रिकामं!"

अख्खं राज्य उचलून दिवाणखान्यात कोण आणणार? जैतूननं नुकत्याच भरलेल्या लोड-तक्क्यांच्या ढिगाकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"दिवाणजी, चिंचमाळला जाताना तुमच्या पालखीचे भोई बदलावे लागतात का हो?"

गुंडोपंत अंगानं चांगले भरलेले. "बदलावे लागतात म्हणजे? तीन-तीनदा! शेवटचे तर मला चक्क शिव्या देतात!"

"मग इथं मोठा लोड!" जैतूननं नकाशा उचलून कोयरीखाली लोड सारला. "आणि देवीच्या डोंगराला?"

"तिथं भोई खालीच बसून घेतात. मला चालावं लागतं, मला!"

"दोन लोड, एकावर एक! बरं, बाजारपेठेला?"

"नुसती धाप लागते."

"उशी! आणि हत्तीकुरणाला?"

"छे छे, तिकडं जाताना भोई सुसाट सुटतात. मी दांडा गच्च धरून देवाचं नाव घेतो. एकदा तर पालखी पुढं आणि भोई मागं!"

"मग तिथं काहीच नको," जैतून म्हणाली.

नकाशा एवढा मोठा, की हत्तीकुरणाचं टोक थेट महाराजांच्या मांडीवर आलं. महाराज मांडी घालून बसलेले, त्यामुळं तिथं छानपैकी खळगा पडला. त्यांना उठा म्हणायची तर बंदीच होती!

जैतूननं पाण्याची घागर उचलली. "सरकार, पाऊस कुठं पाडू?"

"माझ्या तळ्यात! सगळाच्या सगळा! बघू कसा पळतो ते!"

तिनं ओतलं. पाणी कोयरीत क्षणभर घुटमळलं, लोडावरून घसरलं, बाजारपेठेच्या उशीला वळसा घालून सुळकन महाराजांच्या मांडीत!

"हे बरोबर पडलं नाही!" महाराज ओरडले. "आता डोंगरावर ओत!"

डोंगरावरचंही मांडीत आलं.

"माझ्या राजवाड्यावर ओत! राजवाड्याचं पाणी माझं ऐकेल!"

राजवाड्याचं पाणी तर सगळ्यात आधी येऊन बसलं. मांडीवर टम्म तळं साचलं. महाराज हळूच उठू लागले.

"हलू नका सरकार!" जैतून किंचाळली. "तळं फुटेल!"

महाराज होते तसेच थिजले. ना इकडं, ना तिकडं. नाकावर माशी बसली, पण हात उचलायची सोय नाही!

"गुंडोपंत, काढा हे!"

"कुठून काढू महाराज? जरा धरलं की डुचमळतंय!"

महाराज रडकुंडीला आले. "पोरी, आता तूच सांग. मग तळं खणायचं तरी कुठं?"

"मला काय विचारता सरकार? तुमच्या मांडीवर आयतं भरलंय! जरा मान खाली घालून जागा बघा की!"

महाराजांनी जपून मान खाली घातली. पाण्याखाली चिताऱ्यानं रंगवलेला हत्ती दिसत होता, सोंडेच्या टोकापर्यंत बुडालेला.

"अरेच्चा! हे तर हत्तीकुरण!"

गुंडोपंत घाबरेघुबरे झाले. "पण महाराज, तिथं आपला लाडका हत्ती चरतो! त्याला न विचारता त्याचं कुरण कसं घ्यायचं?"

जैतून ताडकन म्हणाली, "दिवाणजी, अख्खं गाव उठवताना माणसांना विचारलं नाहीत, मग हत्तीलाच काय विचारता?"

गुंडोपंत कावरेबावरे होऊन पाण्यातल्या हत्तीकडंच बघू लागले! महाराजांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि त्यांना खुदकन हसू फुटलं. मग पोट हललं. मग सगळे महाराजच गदगदा हलले आणि तळं फुटलं! अर्धं महाराजांच्या धोतरात गेलं, अर्धं गुंडोपंतांच्या जोड्यांत. अख्खा दरबार हसून हसून लोळला.

ओलेचिंब महाराज डोळे पुसत होते, तरी त्यांचं हसू काही थांबेना. त्यांनी चिंचमाळवरची कोयरी पुसून टाकली, ती हत्तीकुरणावर काढली आणि कुंचला जैतूनच्या हाती दिला. तिनं त्या जागी आपलं गाव काढलं, घरांसकट, चिंचेसकट. महाराजांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून तिला दिला, आणि भिजलेले सगळे लोड दुप्पट मजुरीवर भरायला तिच्याच बापाकडं धाडले.