घरच्याचं पान

“...मग न्याय तो हाच नव्हे का, बुवा?”

विश्रामने पुन्हा तेच विचारलं. निरंजनबुवा ओसरीवर बसून पत्रावळी लावत होते. पानाला पान जोडायचं, काडी टोचायची, पुढचं पान घ्यायचं. त्यांनी वर पाहिलं नाही.

मठ घाटमाथ्यावर आहे. एका अंगाने राजपठारचा रस्ता वर येतो, रुंद आणि गुळगुळीत. दुसऱ्या अंगाने डोंगरवटची सडक येते. तिला सडक म्हणायचं ते केवळ मन मोडू नये म्हणून. देशाचे हे दोन प्रांत मठाच्या दारात एकमेकांना भेटतात, आणि दोन्हीकडचे वाटसरू दुपारी मठात जेवतात.

विश्राम मूळचा डोंगरवटचा. लहानपणी याच मठात राहून शिकला, बुवांच्या हाताखाली वाढला. आता तो देशाचा बांधकाम आयुक्त होता. कोणत्या प्रांताला रेल्वे, कोणाला बंदर, कोणाला पूल, हे त्याच्या सहीने ठरायचं. सही उद्या सकाळी होती.

मोठ्या पदावरची माणसं गुरूकडे प्रश्न घेऊन येतात, पण त्यांना उत्तर नको असतं. शाबासकी हवी असते. विश्रामही शाबासकीसाठीच घाट चढून आला होता, आणि ती मिळेपर्यंत त्याच्या जिवाला थारा नव्हता. बसला तरी त्याचा पाय हलत होता.

“सगळ्यांना दिलं, बुवा. खारपट्टीला बंदर. माळप्रांताला रेल्वे. राजपठारला दोन उड्डाणपूल होतेच, तिसरा मागत होते. तोही दिला.”

“आणि डोंगरवटला?”

“काही नाही.”

हे सांगताना त्याची मान ताठ झाली.

“तारळीवर पूल व्हायचा होता ना?”

“व्हायचा होता. आयोगातल्या सगळ्यांनी तोच पहिला धरला होता. मीच काढला.”

“का रे?”

“मी तिथला ना! उद्या कोणी म्हणायला नको, आयुक्ताने आपल्या घराकडे ओढलं. माझ्याकडे बोट दाखवायला मी जागाच ठेवली नाही.”

बुवांनी पत्रावळ उजेडात धरून पाहिली. एका ठिकाणी फट होती. तिथे त्यांनी आणखी एक पान लावलं.

तेवढ्यात विश्रामचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं आणि फोन तसाच हातात धरून बसला.

“कोण?” बुवांनी विचारलं.

“वेणू.”

वेणू त्याची धाकटी बहीण. तारळी नदीच्या पलीकडच्या गावात दिलेली. गेल्या आषाढात तिच्या मुलीला अवेळी कळा सुरू झाल्या. नदीला पूर होता, दवाखाना अलीकडे होता, होडीवाला पाण्यात होडी घालायला धजेना. मुलगी कशीबशी वाचली. बाळ वाचलं नाही.

“उचल,” बुवा म्हणाले.

विश्रामने फोन कानाला लावला. वेणूचा आवाज मोठा, ओसरीभर ऐकू येत होता.

“दादा, झालं का रे पुलाचं?”

“बघतो.”

“बघतो काय? उद्या सही ना तुझी? सगळा गाव मला विचारतोय. मी छातीठोक सांगितलंय, माझा भाऊ बसलाय तिथे, आता काळजी नको म्हणून.”

“ठेवतो मी. बुवांपाशी आहे.”

“मग बुवांना नमस्कार सांग माझा. आणि दादा... पोरगी अजून नदीकडे बघत नाही रे.”

विश्रामने फोन पालथा ठेवला.  

“पुढचा आराखडा कधी?” बुवांनी विचारलं.

“दहा वर्षांनी.”

“हं.”

“पण मी न्यायानेच वागलो ना, बुवा? तुम्ही नुसतं हो म्हणा. मग मी सुखाने सही करीन.”

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले.

“जेवायची वेळ झाली. बस पंगतीला.”

...

पंगत लांब होती. पहिल्या पानावर राजपठारचा एक व्यापारी बसला होता, अंगाने भरलेला, बोलायला मोकळा. मधे विश्राम. त्याच्या शेजारी डोंगरवटकडची एक म्हातारी, डोक्यावर पदर घेतलेली. पुढे गाडीवाले, मजूर, एक फेरीवाला.

या मठाचा एक रिवाज आहे. पंगतीतल्या प्रत्येक पानात अन्न पडल्याशिवाय कोणीही घास उचलत नाही. मग बसणारा कितीही मोठा असो, आणि त्याला कितीही भूक लागलेली असो. वाढायचं काम बुवा स्वतः करतात.

बुवा भाताचं पातेलं घेऊन आले. वरण मागाहून यायचं होतं.

व्यापाऱ्याच्या पानात भात पडला.

“आणखी येऊ द्या, बुवा.”

बुवांनी वाढलं.

“अजून थोडा. लांब जायचंय मला.”

बुवांनी अजून वाढलं. भाताचा डोंगर झाला. विश्रामला लहानपण आठवलं. बुवांनी मागणाऱ्याला कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

बुवा वाढत वाढत विश्रामपाशी आले आणि न थांबता पुढे गेले. म्हातारीला वाढलं. गाडीवाल्यांना वाढलं. अगदी शेवटच्या फेरीवाल्याला वाढलं. मग पातेलं खाली ठेवून शांत बसले.

कोणी घास उचलेना.

विश्रामला वाटलं, चुकून राहिलं असेल. मग वाटलं, काही रागावले का माझ्यावर? एवढा मोठा आयुक्त, पण पानात भात नाही म्हणून त्याच्या छातीत लहान मुलासारखं धडधडायला लागलं. सगळ्यांचे डोळे त्याच्या रिकाम्या पानावर होते.

म्हातारीच्याने राहवेना.

“बुवा, ह्यांचं पान ऱ्हायलं की वो.”

“राहिलं नाही. ठेवलं.”

“का?”

“तो घरचा आहे. घरच्याला वाढलं तर लोक काय म्हणतील?”

म्हातारी हसली. मग बुवा हसत नाहीत हे पाहून थांबली.

“घरचा म्हनून काय झालं?” ती हळूच म्हणाली. “घरच्याला काय भूक लागत न्हाय?”

विश्रामने मान खाली घातली. समोर नुसतं हिरवं पान होतं. ओसरीवर त्याचा फोन पुन्हा वाजायला लागला. वाजून वाजून बंद झाला. कोणाचा होता, हे त्याला उठून बघायची गरज नव्हती.

व्यापारी चुळबुळला.

“बुवा, त्यांना वाढा की एकदाचं. आमचंही अडलंय.”

बुवांनी पातेलं तिरकं करून दाखवलं. आत शितही नव्हतं.

“माझं राहू द्या,” विश्राम घाईने म्हणाला. “मी उपाशी राहीन, माझी काही तक्रार नाही. तुम्ही सगळे सुरू करा.”

“तारळीपलीकडच्यांचीही तक्रार नाही का?” बुवांनी विचारलं. “विचारलंस त्यांना?”

...

  वेणूची मुलगी विश्रामच्या डोळ्यांपुढे आली, नदीकडे पाठ करून बसलेली. आपण स्वतःचं काहीच सोडलेलं नाही, सोडलं ते नदीपलीकडच्यांचं, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि त्याला स्वतःची भीती वाटली.

“आता काय करू, बुवा?” तो म्हणाला. “सगळं वाटून झालं. काही उरलं नाही.”

“कोणी घास उचललाय का?”

विश्रामने पंगतीवरून नजर फिरवली. सगळ्यांचे हात मांडीवर होते.

“नाही.”

“मग उष्टं झालेलं नाही.”

बुवांनी रिकामं पातेलं आणि डाव त्याच्यासमोर सरकवला.

“ऊठ.”

“मी?”

“वाटायचं काम तुझं ना?”

विश्राम उठला. पातेलं रिकामं, तरी उचलताना त्याला जड लागलं. तो पंगतीच्या सुरुवातीला गेला आणि व्यापाऱ्यासमोर उभा राहिला. भाताच्या डोंगरातून अजून वाफ निघत होती.

व्यापाऱ्याने वर पाहिलं. काय होणार आहे ते त्याच्या ध्यानात आलं. त्याने एका हाताने पान हळूच आपल्याकडे ओढलं.

“साहेब,” तो गोड आवाजात म्हणाला, “तुम्ही तिकडचे ना? डोंगरवटचे? बोलण्यावरून वाटतं.”

विश्रामचा हात थांबला.

ज्या बोटाची त्याला इतके दिवस भीती होती, ते हे असं समोर आलं होतं, हसत, पाहुण्यासारखं. सगळी पंगत आता त्याच्याकडे बघत होती. गाडीवाले बघत होते. म्हातारी बघत होती. राजपठारचे लोक उद्या काय म्हणतील? वर्तमानपत्रं काय म्हणतील? आणि हात मागे घेतला, तर वेणू काय म्हणेल?



त्याने वळून बुवांकडे पाहिलं. त्याला अजूनही वाटत होतं, बुवा नुसतं हो म्हणतील.

बुवांनी मान हलवली नाही.

“पानं बघ, विश्राम,” ते म्हणाले. “तोंडं नको बघूस.”