चहाचा दिवा

"मग माझं चुकलं तरी काय, बाबा? स्वयंपाकघरात दिवाच लागतो ना? अंधार तर नाही?"

बाबा पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दिवा घरात. आणि तू?"

"मी… इथे."

बाबांनी एक शेंग उघडली. आत अळी होती. त्यांनी ती शेंग अळीसकट बाजूला ठेवली.

नदीपलीकडच्या माळावर हा बाबांचा छोटासा मठ होता. बायकोचं, हेमांगीचं, तेरावं उरकलं आणि श्रीरंग घराला कुलूप लावून इथे आला. चार दिवस राहतो म्हणाला होता. मग थंडी पडली, पावटा बाजारात आला, तरी त्याची पिशवी कोनाड्यातच होती. बाबांनी विचारलं नाही. कुणाला जा म्हणायची मठात रीत नव्हती. राहा म्हणायचीही नव्हती.

श्रीरंग कारखान्यात विजेची कामं पाहणारा इंजिनियर. मठातली सगळी वायरिंग त्यानेच केलेली. गेली कित्येक वर्षं तो दर आठवड्याला येई, बाबांशी वाद घाली आणि आपणच जिंकलो अशा चेहऱ्याने परत जाई.

"हा दिवा लांबून कसा लागतो ते तुम्हाला कळलं नाही, म्हणून तुम्ही असं बोलता," तो म्हणाला.

"नाही कळलं. सांग."

"अगदी साधं आहे. भिंतीवरचं जुनं बटण तसंच राहतं. त्याच्या मागे, आतल्या डब्यात, काडेपेटीएवढा एक तुकडा बसवायचा. वायर तीच, दिवा तोच. फक्त आता फोनवरूनही लागतो. वेळ लावून ठेवली की आपल्या आपणही लागतो. तुम्ही काशीत असा नाहीतर रामेश्वरात."

"भिंत फोडावी लागते?"

"छे! टवकासुद्धा उडत नाही."

"म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही."

"काहीच नाही. घर पूर्वी होतं तसंच दिसतं."

बाबांनी मान हलवली.

"हुशारीचं काम आहे."

ही शाबासकी की टोमणा, ते श्रीरंगला कळेना. बाबांच्या तोंडी दोन्हींचा आवाज सारखाच असे.

"मठातल्या समाधीपुढचा दिवाही करून देतो म्हटलं होतं मागे. बसल्या जागी लावला असता तुम्ही."

"आणि मग उठलो कशाला असतो, वायरमन?"

श्रीरंगला हसू आलं. मग ते तसंच राहिलं, चेहऱ्यावर विसरल्यासारखं.

"तिच्यासाठी बसवलं होतं ते," तो म्हणाला. "शेवटी शेवटी तिला उठवत नव्हतं. पडल्या पडल्या फोनवरून घरभर दिवे लावायची. मजा वाटायची तिला. मी न्हाणीत गेलो की मुद्दाम दिवा घालवायची. मी आतून ओरडायचो, ती बाहेरून हसायची. हसली की खोकला लागायचा…"

शेंगांचा आवाज थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला.

"तू मघाशी स्वयंपाकघरातला दिवा म्हणालास."

"हो."

"त्याचं काय?"

श्रीरंगने फोन हातात घेतला, पाहिला, खाली ठेवला.

"तो अप्पांसाठी असतो. अप्पा म्हणजे हेमांगीचे वडील. आमच्या समोरच राहतात, गल्लीच्या पलीकडे. एकटेच. आमचं लग्न झालं तेव्हापासूनची रीत आहे. हेमांगी पहाटे उठली की स्वयंपाकघरातला दिवा लावायची. अप्पांना तो खिडकीतून दिसायचा. दिसला की ते चहाला यायचे. हाक नाही, फोन नाही. दिवा लागला म्हणजे चहा झाला."

"आणि ती आजारी पडल्यावर?"

"तिनं फोनमध्ये वेळ लावून ठेवली. साडेपाच. मी डोळे चोळत उठतोय तोवर अप्पा अंगणात हजर. चहा मी टाकायचो. ती आतून ओरडायची, आलं ठेचून घाल, किसू नकोस म्हणून."

"ती वेळ अजून तशीच आहे?"

"तशीच."

"म्हणजे दिवा रोज लागतो."

"रोज पहाटे. सातला आपला आपण जातो."

"आणि अप्पा?"

श्रीरंगने एक शेंग उचलली आणि न सोलताच परत ठेवली.

माळावर ऊन पिवळं पडलं होतं. कुठेतरी एक टिटवी एकसारखी ओरडत होती.

"आज दुपारी शेजारच्या शिरगुप्पे वहिनींचा फोन आला," तो म्हणाला. "म्हणाल्या, भावजी, रागावू नका, पण हे बरं दिसत नाही. अप्पा रोज पहाटे तुमच्या दाराशी येऊन उभे राहतात. कडी वाजवत नाहीत की काही नाही. दिवा गेला की परत जातात. आज थंडीने नुसते लटलटत होते. मी विचारलं, अप्पा, दाराला कुलूप दिसत नाही का? तर म्हणतात, दिसतंय की. पण दिवा लागलाय ना. म्हटलं, मग माझ्याकडे घ्या चहा. तर म्हणाले, नको गं, बोलावणं तिकडचं आहे…"

श्रीरंगने फोन पालथा ठेवला.

"म्हणाल्या, एक तर या, नाहीतर तो मेला दिवा तरी बंद करा."

"अप्पांना भ्रम झालाय?"

"नाही हो. त्यांना सगळं ठाऊक आहे. अस्थी घेऊन पाण्यात माझ्याआधी तेच उतरले."

"मग बंद कर दिवा."

"करवत नाही."

"बिघडलंय यंत्र?"

"माझं यंत्र बिघडत नाही," श्रीरंग फटकन म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "एक बोट टेकवायचं. ती वेळ पुसली जाईल. पण ती हेमांगीने लावलेली आहे, बाबा. तिच्या हाताने. तिच्या साड्या बहिणी घेऊन गेल्या. तुळस वाळली असणार. तिच्या हातचं असं, अजून रोज घडणारं… एवढं एकच राहिलंय."

बाबांनी शेवटची शेंग सोलली.

"ठेवलं तर अप्पा तिथे गारठून मरतील. पुसलं तर उद्या पहाटे समोर अंधार, आणि ते खिडकीशी वाट पाहत बसतील. इतकी वर्षं मी तुमच्याशी भांडलो, पण काही मागितलं नाही. आज मागतोय. एक काय ते सांगा. ठेवू की पुसू?"

बाबांनी सालपटं गोळा केली, पलीकडे बांधलेल्या शेळीपुढे टाकली आणि परत येऊन बसले. सूर्य टेकला होता. समाधीपुढे दिवा लावायची वेळ झाली होती. बाबा उठले नाहीत.

"दाखव बघू," ते म्हणाले.

"काय?"

"तुझा दिवा. इतक्या लांबून लागतो म्हणतोस. मला काही खरं वाटत नाही."

"खरं वाटत नाही?"

"माणसं बोलतात रे खूप. इथे तर फोनवर धड ऐकूही येत नाही. आता म्हणशील, रेंज नाही."

श्रीरंगला ते लागलं. कुठलीही गोष्ट सोसली असती, पण हे नाही. त्याने फोन उचलला, दोनदा अंगठा फिरवला आणि पडदा बाबांच्या नाकासमोर धरला.

"हा घ्या. लागला."

"कुठे?"

"स्वयंपाकघरात. ही पिवळी खूण दिसतेय ना? म्हणजे लागला."

बाबांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"मला इथून काही दिसत नाही," ते म्हणाले. "ज्याला दिसायचा त्याला दिसला असेल."

श्रीरंगचा हात हवेतच राहिला…

"बाबा."

"काय?"

"अप्पा या वेळेला खिडकीशीच बसलेले असतात."

"असं?"

"त्यांना दिवा दिसला असेल. पहाट असो नाहीतर संध्याकाळ, त्या दिव्याचा त्यांना एकच अर्थ ठाऊक आहे. ते उठतील. येतील."

त्याने घाईघाईने फोन जवळ ओढला. बाबांचा हात पडद्यावर आला. शेंगांनी हिरवा झालेला, सुरकुतलेला हात. त्याला वजन नव्हतं, पण श्रीरंगला तो बाजूला करता येईना.

"सोडा, बाबा. बंद करू द्या मला."

"घर किती लांब?"

"काय?"

"तुझं घर. इथून."

"पूल ओलांडून पलीकडे… मोटारसायकलने अर्धा तास. पण त्याचं आता काय…"

"आणि अप्पांना गल्ली ओलांडायला?"

"ती कितीशी! गुडघे धरत धरत आले तरी पाच मिनिटं. आतापर्यंत अंगणात आलेही असतील. काळोख पडेल, बाबा. थंडी वाढेल. तिथे कुलूप आहे आणि आत कुणी नाही. तुम्ही त्यांना ओळखत नाही. तो दिवा आहे तोवर ते दारातून हलायचे नाहीत!"

बाबांनी हात उचलला.

"मग पोचशील."