झाकणाखालचा राक्षस

एक होता डॉक्टर. राजा नव्हे गं, डॉक्टर! राजांच्या गोष्टी ऐकून कान किटले माझे. पाय पांघरुणात घे मुक्ता, आणि ऐक.

हा ताकेजिरो जपानातल्या एका भातशेतीच्या गावचा. त्याची थोरली बहीण किनु अनवाणी शेतात गेली. बांबूची काडी पायात घुसली. आठव्या दिवशी दातखीळ बसली आणि तान्ही लेक हारू मागे ठेवून ती गेली बिचारी. धनुर्वात, बरं का. ताकेजिरो म्हणाला, "माझी बहीण नेणाऱ्याला मी धरणारच."

पण हा राक्षस म्हणजे धनुर्वाताचा जंतू, इवलासा, मातीत राहणारा, डोळ्यांना न दिसणारा. शिवाय सोबत भुरट्या जंतूंची ही जत्रा! मोठमोठे डॉक्टर हसले, "याला वेगळं काढणं कुणाच्या बापाला जमायचं नाही."

मग राक्षसाला वाढवून पकडायला ताकेजिरोनं माती मांसाच्या रश्शात घातली. भुरटेच माजले. मग त्यानं रस्सा तापवला. भुरटे मेले, राक्षस मरेना, पण वाढेही ना! तीन वर्षं अशीच गेली. मग काय, तोंड पाडून घरी आला.

आई मुळ्याचं लोणचं घालत होती. यानं बरणी उघडली मात्र, आई कडाडली, "झाक आधी! वारा लागला की बिघडतं, किती वेळा सांगू?"

ताकेजिरो झाकण धरून तसाच उभा. त्याच्या मनात आलं, राक्षसालाही वारा सोसत नसेल तर?

तसाच परत प्रयोगशाळेत पळाला. रस्सा तापवला, भांड्यातली हवा काढून टाकली, झाकण घट्ट बसवलं. आणि सापडला की राक्षस, अगदी एकटा!

मग त्याचं विष कणाकणानं घोड्याला टोचलं. घोडा धडधाकट राहिला आणि त्याच्या रक्तातच विषावर उतारा तयार झाला. आहे की नाही नवल?

आणि काय सांगू, तेवढ्यात हारूच्या टाचेत बांबू घुसला. सात वर्षांची पोर, आईसारखीच अनवाणी. काही दिवसांत तिचीही दातखीळ बसायला लागली. ताकेजिरो धावत आला. घोड्याच्या रक्तातल्या उताऱ्याची सुई त्यानं तिला नीट टोचली. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी हारू म्हणाली, "आजी, लोणचं दे." आणि करकर चावून खाल्लं पोरीनं!

पुढे देशोदेशीची माणसं त्याच्याकडे शिकायला आली. त्याची म्हातारी आई सगळ्यांना ऐकवायची, "डॉक्टर तो शाळेत झाला. झाकण लावायला मी शिकवलं!" का नाही ऐकवणार? माझा लेक असता तर मी गावभर साखर वाटली असती.

परवा तुला खिळा लागला, सुई टोचली, तेव्हा केवढं भोकाड पसरलंस! अशाच कुणाच्या तरी हट्टाची सुई असते ती, बाळा.

ते तिकडे पोटभर जेवून सुखी झाले. तू इकडे सुखानं झोप. दिवा मालवते मी.