टायरवरचा पन्नास

घाटाच्या पायथ्याशी दस्तगीर मणेरचं टायरचं दुकान होतं. बिल्डर रणवरे नवी स्पोर्ट्स कार घेऊन आले आणि टायरवरचा आकडा दाखवून म्हणाले, "पन्नास लिहिलंय. तेवढीच हवा भर, नाहीतर उद्या दुकान उठवतो."

"उठवा," दस्तगीर थकल्या आवाजात म्हणाला. "पण साहेब, तुमच्या लिफ्टमध्ये दहा माणसांची पाटी असते. एकटे चढताना आणखी नऊ जण बोलावता का? टायरवर असते ती कमाल मर्यादा. भरायचा आकडा गाडीच्या दाराच्या चौकटीवर असतो."

रणवरेंनी दार उघडलं. तिथे तेहतीस लिहिलं होतं.

हवा भरून झाल्यावर त्यांनी नरमाईनं विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"वेळेवर कुणीच नाही. भावाच्या गाडीत मीच पन्नास भरली होती. याच घाटात वळणावर टायरची पकड सुटली."