दाईने गाळलेली अंगाई

आपल्या पणजीला तिच्या पणजीने सांगितलेली, एवढी जुनी ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक राजवाडा होता. तिथल्या राजपुत्राला दूध पाजायला डोंगरावरून एक दाई आणली होती. तिचं स्वतःचं तान्हं मात्र वर झोपडीत आजीपाशी राहिलं. फक्त बाजाराच्या दिवशी तिला त्याला भेटायला मिळे.

दाईचे लोक डोंगरात कोळसा पाडत. तोंडं काळी, कपडे काळे, पाठीवर पोतं. वाड्यातल्या चुली त्यांच्याच कोळशावर पेटत.

दाईला आईकडून एक अंगाई आली होती. तिच्यात गाय गोठ्यात यायची, चिमणी घरट्यात, मुंगी वारुळात. सगळे घरी पोचले की मगच बाळाने डोळे मिटायचे. अंगाई गोड, पण लांबलचक. आणि राजपुत्र असा रडका, की पाळण्याची दोरी ओढून दाईचा हात भरून येई.

राजपुत्र दीड वर्षाचा असताना एका दुपारी राणी कडाडली, "अजून निजला नाही? तुला आणलंय कशाला मग?"

दाई घाबरली. नेमका खिडकीखालून तिचा नवरा पोतं घेऊन चालला होता. तिने राजपुत्राला खिडकीशी नेलं.

"गप ऱ्हावा बाळराजे! त्यो बघा काळा बुवा. रडणाऱ्याला पोत्यात घालून न्हेतो!"

राजपुत्र एकदम गप्प झाला. राणी खूश. दाईला मनात हसू आलं. तिच्या नवऱ्याला तर मुंगीही मारवत नसे! पण हाताला आलेलं औषध कोण सोडतो? त्या दिवसापासून वाड्यात अंगाई बंद झाली आणि काळा बुवा रोज येऊ लागला. अंगाई दाई फक्त आपल्या मुलाला म्हणे, बाजाराच्या दिवशी, एकही ओळ न गाळता.

वर्षं लोटली. राजपुत्र राजा झाला. दाई वाड्यातच राहिली, आणि तिचा मुलगा बापाच्या जागी कोळसा वाहू लागला.

लहानपणी कोळसेवाला दिसला की राजा पलंगाखाली दडे. आता त्याला दडता येत नव्हतं, पण हुकूम देता येत होता. एका सकाळी दाराशी पोतं घेतलेला काळा माणूस दिसला आणि राजाला दरदरून घाम फुटला.

"हाच तो! मारा त्याला!"

शिपायांनी मागचापुढचा विचार केला नाही. ओरडा ऐकून दाई धावत आली, तेव्हा पोतं फाटून कोळसा अंगणभर पसरला होता.

"दाईआई, आता भिऊ नकोस," राजा आनंदाने म्हणाला. "काळा बुवा संपला!"

दाईने पदराने त्या मेलेल्या तोंडावरची काजळी पुसली. "महाराज, ह्यो माझा ल्योक हाय."

दाईने मुलाचं डोकं मांडीवर घेतलं आणि अंगाई सुरू केली. गाय गोठ्यात आली. चिमणी घरट्यात आली. राजाने आयुष्यात पहिल्यांदाच ती ऐकली आणि त्याला रडू कोसळलं.

"हे मला का नाही म्हटलंस कधी?"

"लांब हाय, महाराज. तुमाला लवकर निजवायचं व्हतं."

इतकं बोलून ती पुढे गाऊ लागली. मुंगी वारुळात पोचली.

दुसऱ्या दिवशी डोंगरावरचे सगळे लोक राज्य सोडून निघून गेले, दाईही गेली. वाड्यातल्या चुली थंड पडल्या, आणि राजाला निजवणारं कुणी उरलं नाही.

म्हणून सांगणं इतकंच: भीती घालून निजवलेलं मूल मोठं होतं, तेव्हा ती भीतीही त्याच्यासोबत मोठी होते.