नापास: शून्य

“एका टेस्टसाठी सगळं अडवून ठेवायचं, बाई? एका?”

श्रीपाल मगदूम उभ्यानेच बोलत होता. तेरदाळबाईंनी खुर्ची दाखवली, तरी तो बसला नाही.

सांगलीतल्या त्या ऑफिसात एक सर्व्हर तयार होत असे. जगभरचे प्रोग्रामर आपापलं काम त्यात जमा करत आणि सर्व्हर त्यातला एकेक बदल जपून ठेवी. नवी आवृत्ती बाहेर पाठवण्याआधी संगणक आपोआप तिच्या तीन हजार सहाशे टेस्ट घेई. हे सगळं श्रीपाल बाईंच्याच हाताखाली शिकला. ही आवृत्ती त्याने एकट्याने केलेली, पहिलीच. आज ती जायची होती. सकाळी बाईंनी ती रोखली.

“ती टेस्टच बिघडलीय. चाळीस वेळा चालवली की एकदा नापास होते. म्हणून मी काढली. तुम्ही मला न विचारता परत घातलीत!”

“उघड ती.”

त्याने फणकाऱ्याने उघडली. ती का घातली, ते वरच कुणीतरी लिहून ठेवलं होतं : दोघांनी एकाच क्षणी काम पाठवलं. ‘जमा झालं’ असं उत्तर दोघांनाही गेलं. त्यातल्या रेहाना दलवाई यांचं अकरा महिन्यांचं काम पुसलं गेलं.

“नऊ वर्षं झाली याला!” श्रीपालचा आवाज चढला. “तेव्हाच दुरुस्त केलंय ते. बाकी सगळ्या पास आहेत, बाई. आणि या एकीपायी माझी सहा महिन्यांची मेहनत कुजवायची? अन्याय आहे हा!”



बाईंनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला. सगळ्याच्या सगळ्या टेस्ट निवडल्या आणि पुसून टाकल्या.

पडद्यावर निकाल आला. नापास : शून्य.

“घे. पाठव आता.”

“बाई!”

श्रीपाल एवढ्याने ओरडला की शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली.

“काय केलंत हे? उद्या सर्व्हरने कुणाचं काम गिळलं, तर आपल्याला कळणार तरी कसं?”



“एक काढलीस,” बाई म्हणाल्या, “तेव्हा कुठे होता हा आवाज?”