म्हाळूनं मागं का बघितलं

एकदा एक म्हातारा होता. उमेदीच्या वयात त्यानं सायकलच्या शर्यती गाजवल्या होत्या. उतारवयात एका मोठ्या गावाच्या फाट्यावर त्यानं सायकल दुरुस्तीचं दुकान मांडलं. शिकायला येणारी पोरं त्याला वस्ताद म्हणत. म्हातारा मितभाषी. कुणाचं चुकलं तरी ओरडत नसे. पुढ्यातल्या चाकाचे आरे आवळत बसे, आणि चुकणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं.

एका वर्षी त्यानं पाच हौशी पोरांचा संघ बांधला. गावच्या शिंप्याकडून पाच पिवळे सदरे शिवून घेतले. शिंप्यानं मापात गोंधळ घातला, दोघांच्या बाह्या पार मनगटापर्यंत आल्या. पहिल्याच शर्यतीला बाया हसल्या, "शर्यतीला निघालेत का हळदीला?" पोरंही हसली. तेव्हा हसायचे दिवस होते.

पाचांतले दोघं महत्त्वाचे. एक सन्मती. अंगानं शिडशिडीत, कॉलेजात जाणारा, शेवटच्या दोनशे मीटरला असा सुटायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. दुसरा म्हाळू. सकाळी कॅरियरला दुधाच्या दोन किटल्या बांधून सात वाड्या फिरायचा. त्याच्या मांड्या दगडासारख्या, पण शेवटची उडी त्याच्यात नव्हती. तो आपला एका लयीत, मान खाली घालून, कितीही लांब जाईल.

सायकलच्या शर्यतीत खरा वैरी समोरचा वारा असतो. म्हणून एक जण पुढं राहून तो वारा अंगावर घेतो आणि दुसरा त्याच्या चाकामागं टीचभर अंतर ठेवून आडोशानं येतो. पुढचा दमतो, मागचा ताजा राहतो आणि शेवटाला तोच सुटतो. जिंकतो मागचा. पुढच्याचं नाव निकालात कुठंतरी खाली असतं, नाहीतर नसतंच.

आता पुढच्यानं मागं वळून बघायचं नसतं. मान वळली की हँडल वळतं, हँडल वळलं की माणूस रस्त्यावर. म्हणून वस्तादानं एक रीत घालून दिली होती. पुढच्यानं मधूनमधून विचारायचं, "हाय का?" मागच्यानं सांगायचं, "हाय." आणि मागचा बाजूला निघाला तर त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "सुटलो." बस, एवढे दोन शब्द. दम लागलेला असला तरी ते सांगायचेच.

त्या हंगामात पाच शर्यती झाल्या. पहिलीत सन्मती चौथा आला. दुसरीत दुसरा. तिसरी त्यानं मारली, चौथीही मारली. चारही वेळा पुढं म्हाळू होता. चारही वेळा म्हाळू मागून कुठंतरी विसावा-पंचविसावा यायचा, सायकल भिंतीला टेकवायचा आणि पहिलं विचारायचा ते हेच, "आपला कितवा आला?" आपला म्हणजे सन्मती.

सन्मतीच्या गळ्यात हार पडत. फोटो निघत. फोटोत म्हाळू नसे, कारण तोवर तो पोचलेलाच नसे. याचं कुणाला काही वाटलं नाही. जिंकणाऱ्याच्या दारात असलं कोण विचारतं?

पाचवी शर्यत शेवटची. चाळीस किलोमीटरची. जो पहिला येईल त्याला राज्याच्या शिबिरात जागा. आदल्या दिवशी म्हाळू सन्मतीला म्हणाला, "तू नुसता चिकटून राहा. बाकी माझ्यावर सोड."

आणि खरंच, चौतीस किलोमीटर त्यानं वारा फोडला. दोन्ही बाजूला ऊस आणि मधल्या रस्त्यात समोरून येणारा दांडगा वारा. म्हाळू विचारत होता, "हाय का?" सन्मती सांगत होता, "हाय." मागं सातआठ जणांची रांग लागली होती. त्यात परगावचा एक निळ्या सदऱ्याचा गडी होता, मोठा तयारीचा. तो आता उडी घेणार हे सन्मतीनं ओळखलं. म्हाळू थकत आला होता, त्याची लय तुटायला लागली होती. सन्मतीनं गुपचूप वेग कमी केला, म्हाळूचं चाक सोडलं आणि मागं जाऊन त्या निळ्याच्या चाकाला लागला.

म्हाळूनं विचारलं, "हाय का?"

सन्मतीनं ऐकलं. "सुटलो" म्हणायला हवं होतं. पण म्हटलं असतं तर निळ्याला कळलं असतं की आपल्या मागं कोण आहे. तो गप्प राहिला.

"हाय का रं?"

तो गप्पच.

तिसऱ्यांदा म्हाळूच्या आवाजात भीती होती. "सन्मती! हाय का?" आणि त्यानं मान वळवली. हँडल गेलं. पुलाच्या कठड्याच्या दगडावर तो कमरेवर आपटला. त्याच क्षणी निळा उजवीकडून सुटला आणि त्याच्या आडोशानं सन्मतीही सुटला. थांबला नाही. शेवटाला एका चाकाच्या फरकानं शर्यत मारली.

म्हाळूच्या खुब्यात सळई बसली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण काठी लागेल, सायकल विसरा. गावानं निकाल लावला, म्हाळूचं चुकलं. मागं कशाला बघायचं? पहिल्या दिवशी शिकवतात ते त्याला कळू नये? पारावर बसून आयुष्यात कधी पायडल न मारलेले लोकही हेच सांगत होते. पडलेल्याला अक्कल शिकवायला काय लागतं? आणि म्हाळूची आई, सात वाड्यांचं दूध आता डोक्यावरून नेणारी, रोज सकाळी घरातून निघताना त्याला म्हणायची, "मागं कशाला बघितलंस रं मेल्या? काय होतं मागं?" म्हाळू म्हणायचा, "चुकलं, आई."

वस्तादानं सन्मतीला एकदाच विचारलं होतं, "त्यानं हाक मारली होती का?"

"वारा लई होता, वस्ताद. ऐकू आलं नाही."

वस्ताद आरे आवळत राहिला.

चार महिने गेले. शिबिराला जायला दोन दिवस राहिले तेव्हा सन्मती पेढे घेऊन दुकानात आला आणि पाया पडला. वस्तादानं पेढा कपाळाला लावला, खाल्ला नाही. म्हणाला, "उद्या सकाळी सायकल घेऊन ये. पाचव्या शर्यतीच्या रस्त्यानं जाऊ. तू पुढं, मी मागं."

"तुम्ही? या वयात?"

"का, चाक माझ्या वयाला ओळखतंय का?"

सन्मतीला वाटलं, म्हातारा जाताजाता एखादी खुबी शिकवणार. सकाळी दोघं निघाले. वारा समोरूनच होता. वस्तादानं बजावलं, "दर किलोमीटरच्या दगडाला विचारायचं."

पहिल्या दगडाला सन्मतीनं विचारलं, "हाय का?" मागून आवाज आला, "हाय." दुसऱ्या दगडाला, "हाय." दहाव्या दगडापर्यंत म्हाताऱ्याचा आवाज टवटवीत. आयुष्यात पहिल्यांदा सन्मती पुढं होता, वारा छातीवर घेत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, कानात नुसता घोंगाट. त्या घोंगाटात मागून येणारा तो एक शब्द त्याला आधारासारखा वाटायला लागला. तो आला की पाय आपोआप फिरत.

अकराव्या दगडाला त्यानं विचारलं, "हाय का?"

काही नाही.

"वस्ताद, हाय का?"

काही नाही. सत्तरीचं माणूस. छातीत कळ आली असेल, तोल गेला असेल, मागं रस्त्यावर पडलं असेल. "वस्ताद!" म्हणून तो ओरडला आणि त्यानं मान वळवली. सायकल घसरत कडेच्या मातीत गेली. वेग फार नव्हता म्हणून एका पायावर सावरला, नाहीतर तोंडावरच आपटायचा.

वस्ताद मागं दोन हातांच्या अंतरावर होता. धडधाकट. तोंड मिटलेलं.

सन्मती संतापला. "ऐकू आलं नाही का तुम्हाला?"

"आलं की," वस्ताद म्हणाला. "तिन्ही वेळा. वारा एवढा आहे, तरी अगदी स्वच्छ आलं."

सन्मतीचं तोंड उतरलं.

वस्ताद सायकलवरून उतरला. दम खात उभा राहिला आणि मग बोलला. त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांबलचक बोलणं असेल. "पोरा, मागं बघायचं नाही हे तुला पाठ आहे. हंगामात पाच शर्यती केल्यास, एकदाही बघितलं नाहीस. आज का बघितलंस?"

"तुम्ही पडला असं वाटलं."

"म्हणजे नियम तू मोडलास का? नाही. तुला माझी काळजी लागली. पुढच्याला मागं डोळे नसतात. मागच्याचा आवाज हेच त्याचे डोळे. ते मागचाच देतो आणि मागच्यानं काढून घेतले तर पुढच्यानं करायचं काय? म्हाळू शर्यत बघायला वळला नाही. निकाल बघायलाही वळला नाही. तू पडलास असं वाटून वळला. आणि गेले चार महिने तो खाटेवर पडून म्हणतोय, माझं चुकलं. शिबिराला जा, नाहीतर नको जाऊस, ते तुझं तू बघ. ती जागा तू पायांनी मिळवलीस, ती मी काढून घेणार नाही. पण त्याच्याकडं एक चूक पडून आहे, ती त्याची नाही."

एवढं बोलून वस्ताद सायकलवर बसला आणि फाट्याकडं एकटाच निघाला. या वेळी तो पुढं गेला आणि त्यानं काही विचारलं नाही.

सन्मती तिथूनच म्हाळूच्या घरी गेला. म्हाळू अंगणात खाटेवर होता, काठी उशाला. "आला का शिबिरवाला," म्हणून हसला आणि पाय आवरून त्याला बसायला जागा केली. सन्मती बसला नाही. उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं. निळ्याचं चाक, तिन्ही हाका, आपलं गप्प बसणं. काही झाकलं नाही.

म्हाळू खाटेचा सुंभ नखानं उकलत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तू पडला नव्हतास."

"नाही."

"मी पुलावर पडल्या पडल्या तुलाच शोधत होतो."

सन्मतीला रडू आलं. म्हाळूनं त्याच्याकडं बघितलं नाही. "मला सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. "आईला सांग. आत हाय."

आत चुलीपाशी म्हाळूची आई भाकरी थापत होती. "ये बाळा. शिबिराला चाललास न्हवं? खाऊन जा," ती म्हणाली. सन्मती उंबऱ्यात बसला. "मावशी, म्हाळूचं चुकलं नव्हतं. माझं चुकलं," असं म्हणून त्यानं तिलाही सगळं सांगितलं. परातीतला तिचा हात थांबला.

"चार महिने मी त्याला रोज बोलले," ती म्हणाली. "तो रोज ऐकून घेत होता."

तिनं सन्मतीला शिवी दिली नाही. दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पिठाचे हात तसेच घेऊन ती उठली आणि बाहेर गेली. बाहेरून बोलण्याचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. ती होती की म्हाळू, कळलं नाही.

तव्यावरची भाकरी करपायला लागली. सन्मतीनं बोटं पोळत ती उलटली, शेकली, टोपल्यात ठेवली. परातीत अजून दोन उंडे होते, पण भाकरी थापणं त्याला येत नव्हतं. त्यानं चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं आणि जाळ कमी केला. मग तो तिथंच बसून राहिला. मागचं दार उघडं होतं, निघून जाता आलं असतं. पण ती आत येईल, काय बोलायचं ते बोलेल, आणि आपण ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं, एवढं त्याला आता कळलं होतं.